‘बाय टू’ कॉफी आणि नंदीचा डोंगर

‘एकदा निवांत भेटू या’ असे म्हणता म्हणता वर्षे निघून जातात. जिवलगांसोबतचे दोन दिवस खरोखरच काढायचे ठरवले, तर एक दिवस शहरात आणि एक दिवस डोंगरापायथ्याच्या गावात घालवता येईल असे ठिकाण म्हणजे बेंगळुरू. जाण्यापूर्वी या शहराशी असलेले आपले जुने नातेही जाणून घ्यायला हवे.

लग्नाचा हॉल. शेवटची पंगत उठत आलेली. कोपऱ्यात चार खुर्च्या ओढून कॉलेजच्या जुन्या मैत्रिणी बसलेल्या असतात. एकीचे लक्ष घड्याळाकडे असते, एकीला शेवटची बस गाठायची असते, एकीला यजमानीणबाई सारख्या हाका मारत असतात. अर्ध्या तासात वीस वर्षांचे बोलणे उरकायचे असते. मग उठताना ते ठरलेले वाक्य येते : ‘आता एकदा निवांत भेटायचं हं!’

पुढची भेट होते ती पुढच्या लग्नात, नाहीतर कोणाच्या तरी घरी, दुःखाच्या प्रसंगी.

मैत्री भांडणाने क्वचितच तुटते. नेहमीच्या वापरात नसलेल्या भांड्यासारखी ती हळूहळू माळ्यावर जाते. आहे, याची सगळ्यांना खात्री असते. पण काढून घासायला कोणाला सवड नसते. हल्ली व्हॉट्सॲपमुळे आपण रोज भेटतो असा भास होतो. रोज सकाळी फुलांची चित्रे येतात, वाढदिवसाला केकची चित्रे येतात. पण एकीचा गुडघा गेले सहा महिने दुखतो आहे, एकाची नोकरी गेली आहे, एकीच्या घरात सासूबाईंना आता माणसे ओळखू येत नाहीत, हे त्या चित्रांतून कळत नाही. ते कळायला समोरासमोर बसावे लागते, आणि कोणी घड्याळाकडे पाहत नाही असा वेळ असावा लागतो.

असा वेळ आपोआप मिळत नाही, तो काढावा लागतो. आणि तो कोणा एकाच्या घरी सहसा निघत नाही. ज्याच्या घरी भेट, त्या घरची बाई दोन दिवस ओट्यापाशी उभी राहते आणि गप्पा बाहेरच्या खोलीत होतात. म्हणून भेटीची जागा अशी हवी, की तिथे सगळेच पाहुणे असतील.

बेंगळुरूच का?

पुण्याहून, कोल्हापुराहून, सोलापूर-बेळगावहून निघणाऱ्यांना बेंगळुरू सोयीचे पडते. मुंबईहून पुणे-सोलापूरमार्गे उद्यान एक्स्प्रेस जाते. मिरज, बेळगाव, हुबळीमार्गे राणी चन्नम्मा एक्स्प्रेस जाते. आदल्या दिवशी गाडीत बसले, की सकाळी बेंगळुरूच्या फलाटावर पाय ठेवता येतो. शिवाय वेगवेगळ्या गावांहून येणारे मित्र एकाच गाडीत निरनिराळ्या स्टेशनांवर चढू शकतात. डबे उघडतात, दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी बाहेर येते, आणि सहल गाडीतच सुरू होते.

शहर समुद्रसपाटीपासून सुमारे नऊशे मीटर उंचीवर आहे. त्यामुळे कोकणातला घाम नाही आणि विदर्भातला उन्हाळाही नाही. उपाहारगृहे साधी आणि चांगली आहेत. मेट्रो असल्याने अनोळखी गावात रिक्षावाल्याशी घासाघीस करण्याचा ताप बराच कमी होतो.

एक मोह मात्र टाळायला हवा. आज मराठी घराघरांतला एखादा मुलगा, सून, पुतणी नोकरीनिमित्त बेंगळुरूत असते. ‘मग हॉटेलचा खर्च कशाला? आमच्या मुलाकडेच उतरू या की!’ अशी सूचना हमखास येते. ती प्रेमाने नाकारावी. मुलाकडे उतरलेली आई ही मैत्रीण राहत नाही. ती पहिल्याच सकाळी त्याच्या स्वयंपाकघरातले डबे लावायला घेते. मुलाला एका संध्याकाळी कॉफीला बोलवावे. मुक्काम मात्र सगळ्यांनी एकत्र, मेट्रो स्टेशनजवळच्या एखाद्या साध्या लॉजमध्ये करावा.

शनिवार : खडक, बाग आणि डोसा

शनिवारची सकाळ लालबागेसाठी राखून ठेवावी. रेल्वे स्टेशनजवळच्या ‘मॅजेस्टिक’ मेट्रो स्थानकातून हिरव्या मार्गाची गाडी पकडली, की चिकपेट, कृष्णराजेंद्र मार्केट, नॅशनल कॉलेज ही स्थानके मागे टाकत ती लालबागेपाशी आणून सोडते.

हैदरअलीने १७६० मध्ये या बागेला सुरुवात केली आणि टिपूने ती वाढवली. सुमारे २४० एकरांत पसरलेल्या या बागेत दूरदेशांहून आणलेली झाडे आहेत. लंडनच्या क्रिस्टल पॅलेसच्या धर्तीवर बांधलेल्या इथल्या काचघराचा पाया १८८९ मध्ये घातला गेला. प्रजासत्ताक दिन आणि स्वातंत्र्यदिन या दोन्ही सुमारास तिथे पुष्पप्रदर्शन भरते. प्रदर्शन पाहायचे तर त्या दिवसांत जावे. गप्पा मारायच्या असतील तर ते दिवस नेमके टाळावेत.

बागेतला खडक मात्र चुकवू नये. बागेच्या मधोमध एक उघडा, पसरट, करड्या रंगाचा खडक आहे. त्याचे वय सुमारे तीनशे कोटी वर्षे मानले जाते आणि राष्ट्रीय भूवैज्ञानिक स्मारक म्हणून तो जपला आहे. त्याच्या माथ्यावर केंपेगौडांच्या काळातला एक छोटा बुरूज आहे. केंपेगौडा यांनी १५३७ मध्ये हे शहर वसवले. शहराच्या चार दिशांना असे चार बुरूज उभारले गेले आणि शहर त्यांच्या पलीकडे वाढू नये अशी अपेक्षा होती, असे सांगतात. आज त्या बुरुजापाशी उभे राहून कोणत्याही दिशेला पाहिले, तरी शहराचा शेवट दिसत नाही. चाळिशी-पन्नाशी ओलांडलेल्या माणसांनी तिथे थोडा वेळ बसावे. तीनशे कोटी वर्षांच्या खडकावर बसून ‘आता वय झालं’ असे म्हणायला जीभ रेटत नाही!

लालबागेच्या जवळच ‘मावळ्ळी टिफिन रूम’ म्हणजेच सर्वांना ठाऊक असलेले ‘एमटीआर’ आहे. १९२४ साली सुरू झालेले हे उपाहारगृह. दुसऱ्या महायुद्धात तांदळाची टंचाई झाली, तेव्हा रव्याची इडली करण्याची युक्ती इथेच निघाली असे मानले जाते. बसवनगुडीतल्या गांधी बाजारात १९४३ पासूनचे ‘विद्यार्थी भवन’ आहे. तिथला जाड, कुरकुरीत डोसा खायला लोक रांग लावतात. दोन्ही ठिकाणी आठवड्याची सुटी असते, तेव्हा वार आधी विचारून घ्यावा.

आणि मग कॉफी. बेंगळुरूत गल्ल्यावर जाऊन लोक सहजपणे ‘बाय टू’ म्हणतात. म्हणजे एक कॉफी घ्यायची आणि ती दोन पेल्यांत वाटून द्यायची. आपल्याकडच्या कटिंगची ही चुलत बहीणच. कटिंग एकट्यानेही पिता येतो. ‘बाय टू’ मागायला मात्र सोबतीला कोणीतरी लागतेच. कॉलेजच्या कँटीनमध्ये ज्यांनी पैसे नसल्यामुळे एक चहा दोघांत घेतला, त्यांना आता पैसे असूनही ‘बाय टू’ मागण्यात वेगळीच मजा येते.

बसवनगुडी या नावातच बसव, म्हणजे नंदी आहे. एकाच दगडातून कोरलेला, सुमारे पंधरा फूट उंचीचा इथला नंदी पाहण्यासारखा आहे. कार्तिक महिन्याच्या शेवटच्या सोमवारच्या सुमारास या देवळाभोवती ‘कडलेकाई परिषे’, म्हणजे भुईमुगाच्या शेंगांची जत्रा भरते. शेतकरी नव्या शेंगा आधी नंदीला वाहतात. रस्त्याच्या दोन्ही कडांना शेंगांचे ढीग लागतात. तो मुहूर्त साधला, तर मित्रांच्या घोळक्याला दुसरे काहीच नको. शेंगा फोडत फोडत केलेल्या गप्पांना तोड नसते.

जवळच गवी गंगाधरेश्वराचे गुहेतले देऊळ आहे. मकरसंक्रांतीच्या संध्याकाळी मावळत्या सूर्याचे किरण बाहेरच्या नंदीच्या शिंगांमधून आत शिरतात आणि पिंडीवर पडतात.

शहाजीराजांचे बेंगळुरू

दुपारनंतर मेट्रोनेच उलट दिशेला मल्लेश्वरमकडे निघावे. वाटेत चिकपेट लागते. हीच जुनी पेठ. आयटी कंपन्यांचे शहर म्हणून बेंगळुरू ओळखणाऱ्या मराठी माणसाला या पेठेचा इतिहास सहसा ठाऊक नसतो.

१६३८ मध्ये विजापूरच्या आदिलशाहीचा सरदार रणदुल्लाखान याने केंपेगौडांच्या वंशजाकडून बेंगळुरू घेतले. त्या मोहिमेत शहाजीराजे होते आणि पुढे हे शहर त्यांना जहागिरीत मिळाले. निजामशाही बुडाल्यानंतर ज्यांच्यापुढे महाराष्ट्रात पाय रोवायला जागा उरली नव्हती, त्या शहाजीराजांनी इथे आपला दरबार उभा केला. जिजाबाई आणि बालशिवाजी १६४० ते १६४२ च्या सुमारास इथे येऊन राहिले आणि मग पुण्याला परतले. पुढच्या स्वराज्याचे धनी लहानपणी याच पेठेच्या परिसरात वावरले, ही कल्पनाच मराठी मनाला सुखावणारी आहे.

शहाजीराजांच्या दरबारात पंडितांचा आणि कवींचा मोठा राबता होता. जयराम पिंड्ये या कवीने त्यांच्यावर ‘राधामाधवविलासचंपू’ हे काव्य रचले. इतिहासाचार्य राजवाडे यांनी ते १९२२ मध्ये प्रसिद्ध केले. १६६४ मध्ये शिकारीच्या वेळी घोड्यावरून पडून शहाजीराजांचा अंत झाला. त्यांची समाधी कर्नाटकातच, चन्नगिरीजवळच्या होदिगेरे येथे आहे.

त्यांच्यामागे धाकटे पुत्र व्यंकोजीराजे बेंगळुरूचे धनी झाले. मल्लेश्वरमला ज्याच्यावरून नाव मिळाले, त्या काडू मल्लेश्वराच्या देवळाला त्यांनी गाव इनाम दिल्याची नोंद १६६९ च्या शिलालेखात आहे. काडू म्हणजे रान. आज भोवती रान नाही, पण देवळाच्या आवारात जुन्या झाडांची सावली आहे. समोरच नंदीतीर्थ आहे. मातीखाली गाडले गेलेले हे तीर्थ १९९७ मध्ये खोदकामात पुन्हा उजेडात आले. नंदीच्या मुखातून पाण्याची धार खालच्या पिंडीवर पडत राहते.

व्यंकोजीराजे पुढे तंजावरला गेले आणि इतक्या दुरून बेंगळुरू सांभाळणे त्यांना जड होऊ लागले. १६८७ च्या सुमारास मोगलांनी शहर घेतले आणि ते म्हैसूरच्या चिक्कदेवराजांकडे गेले. या व्यवहाराची किंमत तीन लाख रुपये सांगितली जाते. तीन लाखांत बेंगळुरू! आज तिथे भाड्याने राहणाऱ्या मराठी मुलांना हा आकडा जरूर सांगावा.

त्या काळापासून आलेल्या आणि नंतर व्यापार-नोकरीनिमित्त स्थायिक झालेल्या अनेक मराठी कुटुंबांची घरे या शहरात आहेत. त्यांच्या मराठीत कानडी शब्द मिसळले आहेत आणि पुण्याच्या कानाला तिचा हेल वेगळा वाटतो. चिकपेटेतल्या एखाद्या कापडाच्या दुकानात आपण आपसात मराठीत भाव ठरवत असताना मालकाने मराठीतच उत्तर दिले, तर दचकू नये.

‘स्वल्प ॲडजस्ट माडी’

बेंगळुरूच्या बसमध्ये, रांगेत, उपाहारगृहाच्या टेबलावर हे वाक्य कानी पडते : ‘स्वल्प ॲडजस्ट माडी’. म्हणजे, जरा सांभाळून घ्या. मित्रांच्या सहलीलाही हाच मंत्र लागतो. पंचवीस वर्षांपूर्वी एका खोलीत आठ जणी राहिल्या असतील. पण आता प्रत्येकीची आपली उशी ठरलेली असते, आपले औषध असते आणि आपले घोरणे असते!

अशा सहलींत ठिणगी कुठे पडते हे आधीच ओळखता येते. बहुतेकदा ती पैशावरून पडते. एकाचा पगार मोठा, दुसऱ्याची निवृत्ती झालेली. जो सढळ आहे तो ‘मी देतो, मी देतो’ म्हणत राहतो. त्याला ते प्रेम वाटते. ज्याच्यासाठी तो देतो, त्याला मात्र संकोच वाटतो. त्यावर जुना, सोपा उपाय आहे. निघतानाच सर्वांनी सारखी रक्कम एका सामाईक पाकिटात टाकावी. एकाने हिशेब ठेवावा. खोली, रिक्षा, जेवण सारे त्यातूनच व्हावे आणि उरलेले परतीच्या गाडीत वाटून घ्यावे. रक्कम ठरवताना ज्याचा खिसा सर्वात लहान, त्याच्याकडे पाहून ठरवावी. आणि ते पाहिले हे त्याला कळू देऊ नये. जिवलग असण्याची खरी परीक्षा इथे होते.

दुसरी ठिणगी पायांची. गटात एकाला तरी चालवत नाही. तो माणूस ‘तुम्ही जा, मी इथे बसतो’ म्हणतो आणि सहलभर बाकांवर बसून राहतो. त्याच्या चालीने सर्वांनी चालावे. दोन ठिकाणे कमी पाहिली तर काही बिघडत नाही.

तिसरी घराची. विशेषतः बायकांच्या मनातून घर निघत नाही. दूधवाला आला का, गॅस बंद केला का, यांनी गोळी घेतली का, असे फोन दर तासाला होत राहतात. घरच्यांनाही ‘आई, पोळ्यांचा डबा कुठे आहे?’ हे विचारण्यासाठी फोन करायची सवय असते. दोन्ही बाजूंनी ही सवय दोन दिवस मोडली, तर सगळ्यांचेच भले होते. फोनची एक वेळ ठरवावी, रात्री नऊची म्हणा. बाई दोन दिवस नसली तर घर अडत नाही, हे घराला कळणे जितके आवश्यक आहे, तितकेच ते त्या बाईला कळणे आवश्यक आहे. आणि ते कळल्यावर तिला किंचित वाईट वाटते, हेही खरे. तेवढ्यासाठी तरी सोबत मैत्रिणी हव्यात.

रविवार : डोंगरापायथ्याशी

दुसरा दिवस नंदी डोंगराचा. शहरापासून सुमारे साठ किलोमीटरवर, चिक्कबळ्ळापूरजवळ हा डोंगर आहे. उंची १,४७८ मीटर. पूर्ण गट असेल तर एक गाडी ठरवून पहाटे निघावे. वाटेत देवनहळ्ळी लागते. टिपूचा जन्म इथला. २००८ पासून बेंगळुरूचा विमानतळही इथेच आहे. एकेकाळी हे गाव पपनसांसाठी नावाजलेले होते. ती फळे अजून मिळतात, पण बागांच्या जागी आता मोठमोठ्या इमारतींच्या पाट्या दिसतात.

शनिवार-रविवारी सूर्योदय पाहायला डोंगरावर तरुणांच्या दुचाक्यांची आणि मोटारींची मोठी गर्दी उसळते. त्या रांगेत अडकून चिडचिड करण्यापेक्षा आधी पायथ्याच्या नंदी गावात उतरावे. तिथे भोगनंदीश्वराचे प्राचीन मंदिर आहे. नवव्या शतकात सुरू झालेल्या या मंदिरात नोळंब, गंग, चोळ, होयसळ, विजयनगर अशा एकामागून एक आलेल्या राजवटींनी भर घातली. काळ्या दगडाचा कोरीव कल्याणमंडप आणि चारी बाजूंनी पायऱ्या असलेली भली मोठी पुष्करिणी पाहत सकाळचे दोन तास सहज जातात. सकाळी इथे शांतता असते. पायऱ्यांवर बसायला हरकत नसते.

या मंदिराची एक गोष्ट गावातले लोक सांगतात. इथे शिवाची रूपे वयाप्रमाणे मांडलेली आहेत. एका गाभाऱ्यातला अरुणाचलेश्वर म्हणजे बालपण. दुसऱ्यातला भोगनंदीश्वर म्हणजे ऐन तारुण्य. दोहोंच्या मधले छोटे देऊळ उमामहेश्वराचे, म्हणजे संसाराचे. आणि चौथे रूप इथे नाहीच. ते वर, डोंगराच्या माथ्यावर आहे : योगनंदीश्वर, सर्व सोडून बसलेला. एकाच देवाचे आयुष्य पायथ्यापासून माथ्यापर्यंत पसरलेले आहे.

मंदिरापासून जवळच मुद्देनहळ्ळी हे मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या यांचे जन्मगाव. त्यांचे घर आता स्मारक म्हणून जपले आहे. पुण्याच्या अभियांत्रिकी महाविद्यालयात शिकलेला हा माणूस मुंबई इलाख्याच्या बांधकाम खात्यात नोकरीला लागला. खडकवासल्याच्या धरणावर १९०३ मध्ये त्यांनी रचलेले स्वयंचलित दरवाजे बसवले गेले. पाणी ठरावीक पातळीवर गेले की दरवाजे आपोआप उघडत आणि पाणी उतरले की मिटत. पुढे ते म्हैसूरचे दिवाण झाले आणि १९५५ मध्ये भारतरत्न. पुणेकरांच्या नळाला ज्याचे डोके लागले, तो माणूस या लहानशा कौलारू गावातून आला होता.

भोवतालच्या शेतांवरही नजर टाकावी. ‘बंगलोर ब्लू’ या गडद जांभळ्या द्राक्षांचे मळे इथे आहेत. नाशिक-सांगलीकडच्या माणसाला ते मांडव पाहून घरच्यासारखे वाटते. तुतीची शेते आहेत, रेशमाच्या कोषांचा धंदा आहे, भाजीपाला आहे. पण या सुपीक दिसणाऱ्या मुलखात बारमाही नदी नाही. अर्कावती, पालार, उत्तर आणि दक्षिण पिनाकिनी या नद्यांचा उगम नंदीच्या परिसरात सांगितला जातो, तरी त्यांची पात्रे वर्षातला बराच काळ कोरडी असतात. शेती विंधनविहिरींवर चालते आणि पाणी खोल खोल जात राहिले आहे. बेंगळुरू शहर आपले पिण्याचे पाणी सुमारे शंभर किलोमीटरवरून, कावेरीतून वर चढवून आणते. शहराने वापरून टाकलेले सांडपाणी प्रक्रिया करून या कोरड्या भागातल्या तळ्यांत सोडण्याची योजना २०१८ पासून कोलार जिल्ह्यात सुरू झाली आणि पुढे चिक्कबळ्ळापूरकडेही आली. तळी भरली, विहिरींना पाणी आले. पण ते पाणी पुरेसे शुद्ध आहे का, यावर वादही झाले. शहरातल्या ज्या ‘मॅजेस्टिक’ बसस्थानकापाशी आपण उतरतो, तेही एका तळ्याच्या पोटातच उभे आहे. त्याचे नाव होते धर्मांबुधी. काल पाहिलेले शहर आणि आज पाहिलेले खेडे हे एकाच पाण्याच्या दोन टोकांना बांधलेले आहेत, हे इथे आल्यावर कळते.

माथ्यावर

दुपार व्हायच्या आत गर्दी उतरणीला लागते. मग माथ्यावर जावे. किल्ल्याची तटबंदी, टिपूचे उन्हाळी निवासस्थान, सरळ तुटलेला कडा, ढग खाली आणि आपण वर. १७९१ च्या ऑक्टोबरात कॉर्नवॉलिसच्या फौजेने हा किल्ला जिंकला. त्याच युद्धात पेशव्यांच्या फौजाही परशुरामभाऊ पटवर्धन आणि हरिपंत फडके यांच्या हाताखाली टिपूविरुद्ध कर्नाटकात उतरल्या होत्या. माकडे फार आहेत. खाऊची पिशवी हातात लटकवत फिरू नये.

या डोंगराशी एक आजारपण जोडलेले आहे. मार्च १९२७ मध्ये दौऱ्यावर असताना कोल्हापुरात गांधीजींची प्रकृती एकाएकी ढासळली. डॉक्टरांनी सक्तीची विश्रांती सांगितली. आधी आंबोली आणि मग एप्रिलमध्ये ते नंदीवर आले. देशभर सतत फिरणारा माणूस या हवेत काही आठवडे थांबला. १९३६ मध्ये ते पुन्हा इथे राहून गेले. ज्यांच्यावाचून देशाचे काम अडेल असे वाटत होते, त्यांनाही थांबावे लागले. मग आपल्यावाचून दोन दिवस कोणाचे काय अडणार!

योगनंदीश्वराच्या देवळाच्या ओट्यावर बसून खालचे नंदी गाव पाहावे. जिवलग मित्र म्हणजे तरी कोण? ज्याने आपले खालचे दोन्ही गाभारे पाहिले आहेत तो. आपल्या नवऱ्याने किंवा बायकोने आपले बालपण पाहिलेले नसते. मुलांनी आपले तारुण्य पाहिलेले नसते. त्यांच्या लेखी आपण पहिल्यापासून आई किंवा बाबाच असतो. आपण कधी परीक्षेत नापास झालो होतो, कधी कोणासाठी रडलो होतो, कधी नाटकात बक्षीस मिळवले होते, याचे साक्षीदार हे चार-दोन मित्र. ते नसले, तर आपल्या आयुष्याचा तो भाग आपल्यापुरता उरतो. ‘हो, मला आठवतं’ असे म्हणणारे कोणी राहत नाही.

एक दिवस जास्त असेल तर

सोमवारची रजा मिळाली तर म्हैसूरच्या रेल्वेने रामनगरला जावे. भल्या थोरल्या धोंड्यांच्या या डोंगरांत ‘शोले’चे रामगढ उभे राहिले होते. १९७३ मध्ये तिथे चित्रीकरण सुरू झाले आणि १५ ऑगस्ट १९७५ रोजी चित्रपट झळकला. जय-वीरूची दोस्ती पाहत वाढलेल्या पिढीने तिथे जाऊन एक छायाचित्र काढलेच पाहिजे. इथला रामदेवर बेट्ट आता गिधाडांचे अभयारण्य आहे. २०१२ मध्ये ते जाहीर झाले. पुढचे मोठे गाव चन्नपट्टण. मऊ पांढऱ्या लाकडावर लाखेचे रंग चढवून केलेली तिथली खेळणी सावंतवाडीच्या खेळण्यांची आठवण करून देतात. नातवंडांसाठी घरी न्यायला याहून चांगली वस्तू नाही.

परतीची गाडी

परतीच्या गाडीत बोलणे कमी होते. हिशेबाची वही निघते, उरलेले पैसे वाटले जातात. कोणीतरी म्हणते, ‘पुन्हा यायचं हं एकदा!’ हे वाक्य तिथेच, त्याच डब्यात पकडावे. सामाईक पाकिटातले उरलेले पैसे वाटू नयेत. ज्याने हिशेब ठेवला त्याच्याकडेच ते राहू द्यावेत आणि पुढच्या भेटीचा महिना वहीच्या शेवटच्या पानावर लिहून प्रत्येकाने खाली सही करावी. सगळ्यांचे पैसे अडकले म्हणजे बेत सहसा मोडत नाही!

गाडी आपापल्या गावांना थांबत जाते आणि एकेक जण उतरत जातो. आधी पिशव्या दिल्या जातात, मग खिडकीतून हात. घरी पोहोचल्यावर दिसते, की दूध तापवलेले आहे, गॅस बंद आहे आणि पोळ्यांचा डबाही कोणालातरी सापडला आहे.